तुऱ्याची लाली

आमच्या कोंबड्यांना रोग झालाय ही बातमी आमच्या घरी सगळ्यात शेवटी पोहोचली. आधी ती शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी मागच्या ओट्यावरून पाहिली, मग घरमालक म्हात्रेमामांच्या कानावर गेली, मग नळावर पाणी भरताना तिला आणखी हातपाय फुटले, आणि संध्याकाळी बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून घरी आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर दारातून आत आली. बाबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "तुझ्या कोंबड्यांच्या तुऱ्यांवर काहीतरी आलंय म्हणे. म्हात्र्यांना शब्द देऊन आलोय. येत्या रविवारी काय तो निकाल लावतो." कोंबड्यांचा निकाल लावायचा म्हणजे काय करायचं, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आई भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "शब्द देण्याआधी मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं." ती भाकरी मात्र फुगली नाही, आणि आईची भाकरी फुगली नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही तेव्हा ठाकुर्लीला राहत होतो. आताचं ठाकुर्ली पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा मागच्या दारी उभं राहिलं की पॉवरहाउसचा धूर दिसायचा आणि भोंग्यावर घड्याळं लावली जायची. म्हात्रेमामांच्या बैठ्या घराचे दोन भाग होते. एकात आम्ही, दुसऱ्यात कुलकर्णी, आणि मागे दोघांत मिळून एक अंगण, सगळं शहाबादी फरशीचं. माती अशी त्यात कुठे नव्हतीच. फरशीच्या फटीतून वर आलेलं एक शेवग्याचं झाड, त्याच्याजवळ आंघोळीच्या पाण्याचा बंब, कडेला सदा तुंबलेली मोरी, आणि बंबाच्या पलीकडे बाबांनी खोक्यांच्या फळ्यांचं ठोकून दिलेलं खुराडं. आई राजापूरकडची. दारात कोंबडी नसेल तर त्या घराला घर म्हणायला तिची जीभ वळत नसे. नावं ठेवण्यात ती हौशी होती. ठिपक्यांची ती जिरी, उलट्या पिसांची ती कुरडई, राखी रंगाची ती भुरी, आणि एकुलता एक कोंबडा छाती काढून सगळ्यांवर नजर ठेवत फिरायचा म्हणून तो मुकादम. पांढरी, मोठ्या तुऱ्याची एक होती तिचं नाव मी ठेवलं होतं, राणी. आईला ते फारसं पसंत नव्हतं. "ज्याच्या त्याच्या कोंबडीचं नाव राणीच असतं," ती म्हणायची.

त्या वर्षी थंडी पडली ती खरोखरीची. आमच्याकडे थंडी म्हणजे एरवी सकाळी स्वेटर चढवायचा आणि दहा वाजता कमरेला बांधायचा. पण त्या वर्षी बोलताना तोंडातून वाफ यायची आणि खोबरेलाची बाटली दिवसभर थिजलेली असायची. आई ती बंबाच्या कडेला ठेवून पातळ करायची आणि मग आमच्यावर तुटून पडायची. ओठ फुटले, लाव खोबरेल. टाचांना भेगा पडल्या, लाव खोबरेल. मी शाळेत जाताना इतकी चकचकीत असायचे की मैत्रिणी हात धरायला कचरायच्या. बंब उजाडल्यापासून धुमसत असे, करवंट्या तडतडत, आणि त्या धुराच्या वासातच आम्ही चहा प्यायचो. न्याहारीला तांदळाची भाकरी आणि आदल्या दिवशीचं वालाचं बिरडं, ते पुन्हा गरम केल्यावर तळाशी जरा लागायचं, आणि तो लागलेला भाग मला हवा असायचा. रविवारी अंड्यांचा रस्सा. पण थंडीत अंडी कमी झाली होती, रश्शात बटाटेच जास्त यायला लागले होते, आणि आईचं लक्ष तेव्हाच कोंबड्यांच्या तुऱ्यांकडे गेलं. "कसे सुकलेत बघ," ती म्हणाली. खरंच तुरे कोरडे पडले होते, वर कोंडा धरल्यासारखा दिसत होता. मग काय, तिने आमच्या रांगेत कोंबड्यांनाही उभं केलं. संध्याकाळी खुराड्यात घालताना एकेकीला काखेत धरायची आणि तुऱ्यावर चांगलं बोटभर खोबरेल चोपडायची. शिवाय वारा लागू नये म्हणून खुराड्याला सगळीकडून गोणपाट बांधून टाकलं. माणसांना जे चांगलं ते कोंबड्यांना चांगलं, याबद्दल तिच्या मनात कधी शंका नव्हती.

आणि काही दिवसांत तुऱ्यांवर करडे-पांढरे पापुद्रे दिसू लागले. आधी टोकांवर, मग मुळाशी. मुकादमाच्या तुऱ्याची टोकं तर सकाळी जांभळी दिसायची. आई आणखी तेल लावायची, पापुद्रे आणखी जाड व्हायचे.

मला कुलकर्णीकाकूंचा राग आला होता, पण राग करावा असं त्या काही बोलल्या नव्हत्या, हीच पंचाईत होती. त्या शाळेत शिकवायच्या, बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढलेला नाही. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि घरात तान्हं बाळ होतं. बाबांनी शब्द देऊन टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात खुराड्यासमोर बसले होते, तर काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"शैला, मला वाईट वाटतं गं," त्या म्हणाल्या. "पण हे काय आलंय ते तुलाही ठाऊक नाही आणि मलाही ठाऊक नाही. ज्याचं काही ठाऊकच नाही त्याच्याशेजारी मी बाळाला कसं ठेवू?"

"मी ठाऊक करून घेते," मी म्हणाले.

"रविवारच्या आत?"

"रविवारच्या आत."

मी नववीत होते. नववीतल्या मुलीला आपण काय बोलून बसलो ते बोलल्यावर कळतं. पण मी मागे फिरणारी नव्हते. आजही नाही, हे माझ्या सुना सांगतील. घरात येऊन मी जाहीर केलं की कोंबडी घेऊन कल्याणला गुरांच्या दवाखान्यात जाते. बाबा हसले. "कोंबडीला कोण दवाखान्यात नेतं? तिचं दुखणं आणि औषध दोन्ही तव्यातच असतं," ते म्हणाले. आई हसली नाही. ती आत गेली, ट्रंक उघडली आणि नौपाड्याच्या मावशीने दिलेली लोकरीची शाल घेऊन आली. ती शाल लग्नकार्याशिवाय बाहेर निघत नसे. "गारठ्यातून न्यायची तर यात गुंडाळून ने," ती म्हणाली. बाबांनी शालीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

आता कुणाला न्यायचं? सगळ्यात जास्त पापुद्रे जिरीच्या तुऱ्यावर होते. जिरी आईची लाडकी, अंड्यावर बसवावी तर तिलाच. शहाण्या माणसाने जिरीला नेलं असतं. मी राणीला नेलं. डॉक्टरांना एकच कोंबडी वाचवता येणार असेल तर ती राणी असू दे, असा माझा सरळ हिशेब होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला शालीत डोक्यासकट गुंडाळलं, कारण डोळे झाकले की कोंबडी गप्प राहते, आणि काखोटीला मारून पत्रीपुलाच्या रस्त्याने कल्याणला चालत निघाले. ऊन होतं पण वारा झोंबत होता. शालीतून तिचं अंग इतकं गरम लागत होतं की माझा तो एक हात सोडून बाकी सगळी मी गारठले होते.

दवाखान्यात शेळ्या होत्या, पाय मोडलेलं एक वासरू होतं आणि कोंबडी घेऊन आलेली मी एकटीच होते. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून काम करणारे, दमलेले गृहस्थ. माझा नंबर आला तेव्हा म्हणाले, "काय झालंय?"

"तुऱ्यावर रोग आलाय. पांढरा."

त्यांनी शाल सोडली. राणीने मान वर काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. तिचा तुरा लालबुंद होता. चकचकीत. त्यावर पापुद्रा सोडा, साधा डाग नव्हता.

"कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले.

"इथेच होता."

"मग वाटेत पत्रीपुलावर उतरला असेल."

शेळीवाले हसले. माझे कान तापले. रडायचं नाही असं ठरवून मी शाल आवरायला घेतली, आणि घडी करता करता थांबले. आतल्या बाजूने शालीवर तेलकट करडा डाग पडला होता, राणीचं डोकं जिथे होतं बरोबर तिथे. मी डागाला नाक लावलं. खोबरेल आणि बंबाची राख. रोज उठल्याउठल्या आमच्या मागच्या दारी यायचा तोच वास होता.

तेव्हा ते सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. कोंबडी अंग साफ करायला मातीत लोळते. आमच्या अंगणात माती नव्हती, म्हणून त्या बंबाच्या राखेत लोळायच्या. आईच्या माहेरी खोबरेल कधी थिजत नसे आणि कोंबड्या तांबड्या मातीत लोळायच्या. इथे तुऱ्यावर तेल थिजत होतं, त्यावर राख बसत होती, त्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेल. शालीच्या उबेने ते वितळलं आणि लोकरीने पुसून घेतलं. मी डॉक्टरांना हे धापा टाकत सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, शाल हातात घेतली, डाग चोळला, वास घेतला.

"तेल कोण लावतं?"

"आई."

"बस इथे," ते म्हणाले, आणि शेळीवाल्यांना थांबवून त्यांनी मला तुरा बघायला शिकवला. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं. पुसून निघालं तर तो मळ. पुसून निघालं नाही, चामखिळीसारखी खपली घट्ट बसलेली असली, तशीच डोळ्याच्या कडेला असली, तर त्या कोंबड्यांच्या देवी. त्या डासांमुळे पसरतात, माणसाला लागत नाहीत, खपल्या ओढायच्या नाहीत, आपोआप पडतात. तुरा फिका दिसला तर अंगावर पिसवा-गोचीड आहेत का बघायचं. सकाळच्या गारठ्यात टोकं जांभळी दिसली तर अंगठ्याने दाबायचं आणि सोडायचं. त्यांनी राणीच्या तुऱ्यावर माझाच अंगठा दाबायला लावला. दाबलं तिथे पांढरं पडलं, सोडल्यावर लाली झरझर परत आली. "लाली परत आली म्हणजे रक्त फिरतंय. नाही आली तर काळजी," ते म्हणाले.

"सगळ्यांना घेऊन येऊ का?" मी विचारलं.

"मी त्यांना एकदा बघणार. तू रोज बघणारेस. मग कुणाला यायला पाहिजे?"

घरी परतताना मी जवळजवळ पळतच होते, पण दाराशी आल्यावर थांबले. कारण आता आईला सांगायचं होतं. मी शाल तिच्यापुढे पसरली आणि जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ डागावरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे मी लावलं तेच ते."

"तेलाने त्यांना काही झालेलं नाहीये, आई. फक्त दिसतं तसं."

"कळलं गो." मग शालीची घडी घालत म्हणाली, "उद्या चारचौघांत हे मी सांगेन. तू नको सांगूस." तिचा आवाज कोरडा होता आणि मला तिला मिठी मारावीशी वाटत होती, पण आमच्या घरी तशी पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी बंबाच्या पाण्याची बादली, पंचाचे तुकडे आणि मी. म्हात्रेमामा तोंडात दातण घेऊन आले होते. बाबा उंबऱ्यात, काकू त्यांच्या ओट्यावर. आई पुढे झाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "तुऱ्यांवर खोबरेल मीच लावत होते. त्यावर राख बसली. रोग बिग काही नाही. शैला दाखवील." आणि बाजूला होऊन तिने पहिली कोंबडी माझ्या हातात दिली.

कुरडई पुसली. तुरा लाल. भुरी पुसली. लाल. फडक्यावर करडा चिकट लगदा येत होता तो मी सगळ्यांना दाखवत होते. म्हात्रेमामा दातण चावायचे थांबले. मग मुकादम. त्याच्या तुऱ्यावरचा मळ गेला, पण टोकं जांभळी ती जांभळीच.

"आणि हे गं?" काकू ओट्यावरून म्हणाल्या.

"खाली या आणि स्वतः बघा."

काकू दोन पायऱ्या उतरून आल्या. उभ्या जन्मात त्यांनी कोंबड्याला हात लावलेला नव्हता. मी मुकादमाची चोच धरून ठेवली आणि त्यांनी पदराने हात पुसून, श्वास रोखून, अंगठा टेकवला. सोडला. पांढऱ्या ठशात लाली परत आली. त्यांनी आपण होऊन पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "अरेच्चा," त्या हळूच म्हणाल्या.

म्हात्रेमामांनी तोंडातलं दातण काढलं. "झाला तर मंग. ठेवा तुमच्या कोंबऱ्या," ते म्हणाले. बाबा उंबऱ्यातून वळलेसुद्धा. राहिली होती एकटी जिरी. ती आईने माझ्या हातात दिली तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. मी पुसलं, मळ निघाला, आणि खाली तुऱ्याच्या मुळाशी मसुरीच्या दाण्यासारख्या तपकिरी खपल्या दिसल्या. पुन्हा पुसलं. हलल्या नाहीत. एक डोळ्याच्या कडेलाही होती.

माझी पाठ सगळ्यांकडे होती. जिरीला तशीच खुराड्यात सोडली असती तर कुणी विचारलं नसतं. समोर फक्त आई होती, आणि तिनेही पाहिलं होतं. तिने नजर वळवली नाही, मान हलवली नाही, काही नाही. माझं मी ठरवायचं होतं. मला काकूंचा ओट्यावरचा प्रश्न आठवला. रोग आहे की नाही, असं त्यांनी विचारलं नव्हतं. काय आहे ते ठाऊक नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि आता मला ठाऊक होतं.

मी वळले. "हिचं निघत नाहीये," मी म्हणाले. "हिला देवी आल्यात."

बाबांनी कपाळाला हात लावला. म्हात्रेमामा काकूंकडे बघायला लागले. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, डास, खपल्या, माणसाला लागत नाही, सगळं. "पटत नसेल तर विचारून या, काकू. मी येते बरोबर."

काकू जिरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल मला सगळ्याच आजारी दिसत होत्या. आज एक आहे, आणि ती कोणती ते मला कळलंय. हिला लांब ठेवा. आणि त्या मोरीच्या पाण्याचं काहीतरी करा, डास आमच्याकडेही येतात."

"आमच्या गोठ्यान ठेव गो तिला," म्हात्रेमामा म्हणाले. "रिकामाच हाय."

बाबांनी त्याच दिवशी मोरीच्या साचलेल्या पाण्याला वाट काढून दिली, आणि खुराड्याच्या वरच्या अंगाचं गोणपाट सोडलं, कारण आतला दमट उबारा बाहेर जायला हवा असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हात्रेमामांनी टोपलीभर माती आणून ओतली. आई जिरीसाठी रोज गोठ्यात जायची, भिजवलेला कोंडा घेऊन, आणि येताना तिचा चेहरा बघून मला कळायचं. खपल्या वाळल्या, पडल्या. तुऱ्याला मुळाशी खाचा राहिल्या त्या राहिल्याच, पण उन्हाळ्याच्या तोंडावर जिरी पुन्हा अंड्यांवर बसली. कोंबड्यांचं तेल बंद झालं. आमचं मात्र चालूच राहिलं.

आता मी घोडबंदर रोडला अशा मजल्यावर राहते की खाली कुणी कोंबडी पाळली तरी मला ती दिसायची नाही. आई शेवटची थंडी इथेच होती, माझ्याजवळ. खिडकीपाशी तिची खाट, अंगावर मावशीची शाल. डाग कधी गेला नाही. ती तो मुद्दाम वरच्या बाजूला घ्यायची. सकाळी तिची नखं निळसर दिसायची. तिच्या बोटाला लावायचं यंत्र होतं, पण माझा यंत्रावर विश्वास नव्हता. मी तिचं नख दाबायचे, सोडायचे आणि बघत राहायचे.

"मी काय मुकादम आहे काय गो?" ती म्हणायची. आणि मग डोळे मिटूनच विचारायची, "आली का लाली?"

"आली."

"नाही आली तर सांग हो. लपवू नकोस. जिरीचं सांगितलंस तसं सांग."

"सांगेन," मी म्हणायचे.

थंडी सरत आली असताना एका सकाळी मी नख दाबलं आणि सोडलं. थांबले. पुन्हा दाबलं. तिने या वेळी विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, जिरी माझ्या हातात होती तेव्हा बघत होती तशी. मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी सांगितलं.